केरातून उगवलेले रान

सायन आणि वांद्रे यांच्या मध्ये, धारावीच्या समोर, मिठी नदीच्या काठाला ३७ एकरांचे एक रान आहे. बाजूच्या रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात, आत शिरणारी थोडीच. नातीच्या शाळेतल्या एका प्रोजेक्टच्या निमित्ताने तिथे घालवलेल्या एका सकाळची ही हकिगत.

“नेचर पार्क? ते कुठं आलं?”

सायन स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याने विचारले. “धारावी डेपोच्या समोर,” मी म्हटले. “मग असं सांगा ना, आजी!” म्हणत त्याने मीटर पाडला. वीस वर्षे याच भागात गाडी चालवतो, असे तो वाटेत अभिमानाने सांगत होता. त्यालाच जर ही जागा ठाऊक नसेल, तर मुलुंड-डोंबिवलीच्या आणि बोरिवली-विरारच्या लोकांना कुठून ठाऊक असणार, असे माझ्या मनात आले. पण त्याला हसण्याचा मला काही अधिकार नव्हता. महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले ते १९९४ साली. त्याला तीस वर्षे उलटून गेली. माझे सारे लहानपण इथून जवळच, सायन कोळीवाड्याच्या चाळीत गेले. आणि तरीही मी इथे आज पहिल्यांदाच निघाले होते. का, ते पुढे सांगतेच.

निमित्त झाले सईचे. ती चौथीत आहे. ‘आपल्या शहरातील एक नैसर्गिक ठिकाण’ असा प्रोजेक्ट तिला शाळेत दिला होता. संगणकावरून माहिती उतरवून आणायची नाही, स्वतः जाऊन पाहायचे आणि लिहायचे, अशी बाईंची अट. राणीची बाग तिची पाहून झालेली. बोरिवलीच्या नॅशनल पार्कला रविवारी जत्रेसारखी गर्दी. तेव्हा माझी लेक म्हणाली, “आई, माहीमचं नेचर पार्क ने ना तिला दाखवायला. तुझं तर ते माहेरच.” तिने सहज म्हटले. मी जरा थांबून “बरं” म्हटले.

फाटक तसे साधेच. रस्त्यावरच्या ट्रक-टेम्पोंच्या गर्दीत नजरेतून सहज निसटेल असे. नाममात्र तिकीट काढून आत शिरलो आणि शंभरेक पावले चाललो असू, तोच सई म्हणाली, “आजी, एसी लावलाय का गं इथे?” ऑक्टोबरचे ऊन बाहेर डोके भाजत होते. इथे डोक्यावर झाडांनी मांडव घातलेला. पायाखाली पालापाचोळ्याचा ओलसर, मऊ थर. हॉर्न ऐकू येत नव्हते असे नाही. मुंबईत तशी जागा मिळणे कठीणच. पण ते भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातल्या रेडिओसारखे वाटत होते, आपले नसलेले. जवळचे म्हणावे असे आवाज वेगळेच होते. कुठेतरी तांबट पक्षी हातोडीने भांडे ठोकावे तसा ‘टुक टुक टुक’ लावून बसला होता. शिंपी पक्ष्याचा जीव चिमणीहून लहान, पण गळा केवढा! आणि दयाळाची शीळ. ती माझ्या ओळखीची, चाळीच्या मागच्या शेवग्यावर बसून तो असाच गायचा.

कोळी, मुंग्या आणि नीलवंत

पाहायला येणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. इथे वाघ-सिंह नाहीत, पिंजरे नाहीत, झोपाळे-घसरगुंड्याही नाहीत. इथले प्राणी बघायचे तर चाल मंद हवी आणि नजर खाली, किंवा पानांच्या मागे. मोठ्यांना ते लवकर साधत नाही, पोरांना पाच मिनिटांत जमते.

पहिला शोध सईनेच लावला. वाटेच्या कडेला दोन झुडपांमध्ये एक जाळे, आणि त्याच्या मधोमध आठ पाय दोन-दोन करून जोडून बसलेला कोळी. जाळ्यावर पांढऱ्या जाडसर धाग्याने फुलीसारखी नक्षी काढलेली. इंग्रजीत याला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात, सही करणारा कोळी. ही सही तो कशासाठी करतो, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. कोणी म्हणतात किडे आकर्षित व्हावेत म्हणून, कोणी म्हणतात पक्ष्यांनी उडताना जाळे मोडू नये म्हणून. सईचे मत असे की, घर आपले आहे हे कळायला दारावर पाटी नको का?

पुढे एका फांदीवर पाने एकमेकांना शिवून केलेला फुटबॉलएवढा गोळा लटकत होता. ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचे हे घर. पाने शिवायला लागणारा रेशमी धागा मोठ्या मुंग्यांकडे नसतो, तो त्यांच्या अळ्यांकडे असतो. तेव्हा काही मुंग्या पाने ओढून धरतात आणि बाकीच्या आपली अळी तोंडात धरून शिवणयंत्राच्या धोट्यासारखी इकडून तिकडे फिरवतात. आपल्या बाळालाच सुई-दोरा करायचे! कोकणातल्या माणसाला या मुंग्यांचा चावा सांगायला नको. आम्ही चार हात लांबूनच नमस्कार केला.

पावसाळा सरल्यावरचे हे दिवस फुलपाखरांचे. रुईच्या झुडपावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी निवांत पान खात होती. ही ‘प्लेन टायगर’ या नारिंगी फुलपाखराची अळी. रुईचा चीक विषारी. अळी तो चीक पचवून स्वतःच्या अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, आणि पुढे तिचे फुलपाखरू झाले तरी जात नाहीत. त्याचा फायदा दुसऱ्याच एका फुलपाखराने उठवला आहे. ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी दिसायला हुबेहूब या प्लेन टायगरसारखी असते. अंगात विष काही नाही, नुसती वेशभूषा. सईला ही फसवणूक फार आवडली.

आणि मग, आम्ही बाकावर डबा उघडत असताना, काळ्या मखमलीवर निळी झाक असलेले तळहाताएवढे एक फुलपाखरू आमच्या डोक्यावरून संथपणे गेले. ब्ल्यू मॉरमॉन. मराठीत नीलवंत. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तेव्हा असा मान देणारे आपले देशातले पहिले राज्य ठरले. त्याच्या अळ्या लिंबाच्या, बेलाच्या कुळातल्या झाडांची पाने खातात. फुलपाखरू यावे म्हणून फुले लावणे पुरत नाही, त्याच्या पोरांच्या जेवणाची सोय करावी लागते. इथे ती केलेली आहे. म्हणूनच या चिमुकल्या रानात आजवर फुलपाखरांच्या अनेक जाती आणि शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

कपाचा कान

तळ्याच्या पुढच्या वळणावर एक माळीदादा खुरपे घेऊन आळे नीट करत होते. राहणारे समोरच्या धारावीतलेच. सईने त्यांना प्रश्नांनी भंडावून सोडले. साप आहेत का? “आहेत की. धामण आहे. तिला विष नसतं बाळ, उंदीर खाते ती. आमचीच माणूस समज.” मुंगूस? “ते तर सकाळी वाटेवरच असतं. आमच्या आधी हजेरी लावतं.” पाला झाडून का टाकत नाही? दादांनी खुरप्याने पाल्याचा थर बाजूला सारला. वर कोरडी पाने, त्याखाली अर्धवट कुजलेली, त्याखाली पानांच्या नुसत्या जाळ्या, आणि सर्वांत खाली काळीभोर, भुसभुशीत माती. एक गांडूळ घाईघाईने आत शिरले. “हा पाला जाळायचा नाही, उचलायचा नाही. ही झाडांची शिदोरी आहे,” दादा म्हणाले.

मग त्यांनी खिशातून काहीतरी काढून सईच्या हातावर ठेवले. चिनी मातीच्या कपाचा तुटका कान होता तो. पांढरा, त्यावर निळ्या रेघेची कडा. “पावसात माती धुपली ना, की असलं काहीबाही वर येतं. काचेचा तुकडा, बाटलीचं बूड.”

“पण जंगलात कप कसा आला?” सईने विचारले.

दादा माझ्याकडे पाहून हसले. “आजींना ठाऊक असेल.”

ठाऊक होते.

“वडील म्युनिसिपालिटीत आहेत”

हे रान ज्या जमिनीवर उभे आहे, ती मुंबईची कचराभूमी होती. वर्षानुवर्षे शहराचा केर लॉऱ्यांतून इथे येऊन पडत होता, आणि त्या लॉऱ्यांपैकी एक माझे वडील चालवत होते.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पहाटे चारला ते घर सोडत. दुपारी परतले की चाळीच्या सामाईक मोरीत लाइफबॉय साबणाने खसाखसा आंघोळ करत आणि तोवर आम्हा भावंडांपैकी कोणाला जवळ येऊ देत नसत. तरी त्यांच्या खाकी कपड्यांचा वास दोन खोल्यांत भरून राही. शाळेत बाईंनी वडिलांचा व्यवसाय विचारला की मी उभी राहून सांगे, “म्युनिसिपालिटीत आहेत.” खोटे नव्हते ते. पण त्या एका वाक्यामागे काय काय लपवता येते, हे मला आठव्या वर्षीच कळले होते. एकदा शाळेची सहल बसने माहीमकडे निघाली. खाडीजवळ आल्यावर साऱ्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. मीही लावला. खिडकीबाहेर धुरात, घारींच्या घिरट्यांखाली, एकामागे एक उभ्या असलेल्या लॉऱ्यांकडे मी पाहिले नाही. पुढे मॅट्रिक झाले, बँकेत लागले, लग्न होऊन मुलुंडला गेले. “वडील म्युनिसिपालिटीत होते” एवढेच सासरी सांगितले. काळ बदलला तरी वाक्य तेच राहिले, फक्त ‘आहेत’चे ‘होते’ झाले.

१९७७ साली इथे कचरा टाकणे बंद झाले. कचऱ्याच्या त्या उजाड, धुमसत्या ढिगाऱ्यांवर निसर्ग उद्यान करावे ही कल्पना वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थेने मांडली, आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे तेव्हाच्या बीएमआरडीएने, ती अंगावर घेतली. १९८३ साली झाडे लावायला सुरुवात झाली. पहिले रोप लावायला आले डॉ. सालिम अली. किहीमच्या सुगरणींच्या खोप्यांचा अभ्यास करून जगाला चकित करणारे हे पक्षितज्ज्ञ तेव्हा नव्वदीकडे झुकलेले होते. ज्या माणसाने सारा देश रानावनांतून पालथा घातला, त्याने आयुष्याच्या त्या टप्प्यावर येऊन एक रोप लावले ते कचऱ्याच्या ढिगावर. १९८७ साली ते गेले. उद्यान खुले झाले त्याला तेव्हा आणखी सात वर्षे होती.

कचऱ्यावर झाड लावणे वाटते तितके सोपे नसते. कुजणाऱ्या केरातून मिथेन वायू निघतो, मातीतला प्राणवायू हुसकला जातो, मुळे गुदमरतात. ढीग हळूहळू खचत जातो, वर घट्ट उभे राहायला झाडाला आधार नसतो. म्हणून वर मातीचा थर द्यायचा, आधी काटक, फारशी तक्रार न करणारी, झपाट्याने वाढणारी झाडे लावायची, त्यांचा पाला पडू द्यायचा, तो कुजू द्यायचा. शेंगांच्या कुळातली झाडे मुळांवरच्या गाठींतल्या जीवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. करंज त्यातलाच. जमिनीत जरा जीव आला की मग मागाहून नाजूक मंडळी. शिवाय पाऊस आहे तेव्हा पाणी तळ्यात साठवून उन्हाळ्याची बेगमी करायची. आणि पुढचे काम पाखरांवर सोडायचे. उंबर-पिंपळाची फळे खाऊन पक्षी कुठेही बसतात आणि जाताना बी पेरून जातात. आज इथे उभ्या असलेल्या झाडांत माणसांनी लावलेली किती आणि कावळ्या-बुलबुलांनी लावलेली किती, याचा हिशेब कोणी मांडू नये.

मला यातले काहीच तेव्हा ठाऊक नव्हते. पण एक प्रसंग आठवतो. सईची आई वर्ष-दीड वर्षाची होती, म्हणजे १९८४ किंवा ८५ साल असावे. वांद्र्याला एका नातेवाइकांकडे आम्ही सारे बसने निघालो होतो. अण्णा निवृत्त झालेले. नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. डेपोच्या जवळ आल्यावर ते तिला बाहेर दाखवत म्हणाले, “ते बघ, तिथं झाडं लावतायत. आमच्या डंपिंगवर.” ‘आमच्या’ म्हणाले. मी आजूबाजूच्या लोकांकडे चोरून पाहिले. आई म्हणाली, “त्या उकिरड्यावर काय उगवणार, कप्पाळ!” अण्णा शांतपणे म्हणाले, “का नाही? टमाट्याची किती रोपं यायची आपली आपण. दुधीचे वेल, पपया. लोकांच्या घरातल्या बिया त्या. पाऊस पडला की ढीग हिरवा व्हायचा. फक्त आम्ही वर दुसरी लॉरी रिकामी करायचो.” मग जरा वेळाने, “थांबलं टाकायचं की येतंय बघ सगळं.”

मी विषय बदलला. १९९० साली अण्णा गेले. सालिम अलींप्रमाणे त्यांनीही हे रान पाहिले नाही. फरक इतकाच, की त्यांना कोणी बोलावलेही नव्हते.

आमचा केर, तुमचा केर

हे सारे मी सईला बाकावर बसून सांगितले. तिने नाक मुरडले नाही. तिला फक्त एक शंका आली. “मग हा कप तुझ्या बाबांनी आणला असेल?” असेलही, मी म्हटले. असेल, नसेल. चाळीतल्या कोणाच्यातरी हातून फुटला असेल, कोणीतरी शिव्या खाल्ल्या असतील.

मग तिच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी मिळून एक यादी केली. तिच्या वयाची असताना आमच्या घरच्या केरात काय असायचे? भाजीची देठे, शेंगांची टरफले, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्या, शेगडीतली राख, झाडलेली धूळ. फाटके कापड सहसा नसे, त्याची आधी गोधडी होई आणि मग पोतेरे. रद्दी आणि बाटल्या रद्दीवाल्याकडे जात. बाजाराला कापडी पिशवी, दुधाला काचेची बाटली, तेलाला बरणी. अगदीच प्लास्टिक नव्हते असे नाही, पण केरात टाकण्याइतके ते स्वस्त झालेले नव्हते. म्हणजे अण्णांच्या लॉरीत जे भरलेले असे, त्यातला मोठा भाग कधीतरी माती होणाराच होता. त्याला वेळ तेवढा हवा होता. तो मिळाला आणि वर रान आले.

आणि आज आमच्या मुलुंडच्या घरातल्या डब्यात काय असते? सई पटापट सांगत गेली आणि लिहीत गेली. वेफर्सची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, बाहेरून मागवलेल्या जेवणाचे काळे डबे, पेनांची नळकांडी, मोबाइलचे तुटलेले चार्जर. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ‘माती होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे लिहायचे ठरले. जुन्या यादीपुढे बहुतेक सगळीकडे ‘होईल’ आले. नव्या यादीचे काय झाले ते सांगायला नको.

उद्यानाच्या उत्तरेला मिठी नदी आहे, तिकडे निघालो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघालेली ही नदी जेमतेम १८ किलोमीटर वाहून इथून जवळच माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि हीच मिठी कुर्ला-कलिनात घराघरांत शिरली, तेव्हा पुष्कळांना मुंबईत एक नदी आहे याची आठवण झाली. काठाला खारफुटी आहे. तिवराची झाडे चिखलातून बोटांएवढी मुळे वर काढून श्वास घेतात. ओहोटी होती. चिखलात एक वंचक बगळा दगडासारखा स्तब्ध उभा होता, पलीकडे पाणकावळा पंख पसरून वाळवत होता, आणि निळ्या पाठीचा खंड्या सूर मारून गेला. सई हरखून बघत होती.

आणि त्याच तिवरांच्या फांद्यांवर, भरतीच्या पाण्याने आणून लटकवलेल्या, शेकडो प्लास्टिकच्या चिंध्या फडफडत होत्या. झाडाला पाने जास्त की पिशव्या, असे वाटावे इतक्या. राज्यात २०१८ सालापासून प्लास्टिकबंदी आहे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, असे देशाचे नियम सांगतात. नियम कागदावर आहेत, पिशव्या तिवरावर.

पलीकडच्या काठाला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. मागे, रस्त्यापलीकडे, धारावीचे तेरा कंपाउंड, जिथे साऱ्या मुंबईने फेकलेले प्लास्टिक निवडून, रंगांप्रमाणे वेगळे करून, धुऊन, भरडून पुन्हा कामाला लावले जाते. या दोहोंच्या मध्ये हे ३७ एकर. मुंबईतल्या जमिनीचा भाव ठाऊक असलेल्या कोणाच्याही डोक्यात काय विचार येईल, ते सांगायला नको. धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली तेव्हा हे उद्यानही त्यात जाणार की काय, अशी भीती निसर्गप्रेमींना वाटू लागली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. उद्यान प्रकल्पाचा भाग नाही, असे २०२३ साली न्यायालयात सांगण्यात आले. रान राहिले ही आनंदाची गोष्ट. पण धारावीतल्या माणसांना चांगली घरे मिळायला हवीत, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी हव्यात असे म्हटले की लोक हसतात. मालाडच्या चिंचोली बंदरच्या कचराभूमीवर पुढे चकचकीत कार्यालये उभी राहिली, इथे झाडे. कुठे काय उभे करायचे हे आपण ठरवू शकतो, एवढेच यावरून दिसते.

मुंबईचा केर आज देवनार आणि कांजूरमार्गला जातो. देवनारची कचराभूमी १९२७ सालची. २०१६च्या जानेवारीत ती पेटली आणि कित्येक दिवस पूर्व उपनगरांवर धूर बसून राहिला, तेव्हा मुलुंडमध्ये आम्हीही तोंडाला ओढणी बांधली होती. नाकाला रुमाल लावण्याची सवय अशी जुनी आहे. त्या धुरात माझ्या घरची किती पाकिटे जळत असतील, हा विचार मात्र त्या वेळी शिवला नव्हता. उद्या देवनारलाही कचरा टाकणे थांबेल आणि कोणीतरी तिथे रोप लावेल. अण्णांच्या वेळच्या केराने सालिम अलींच्या रोपाला जागा दिली. माझ्या वेळचा केर कोणाच्या रोपाला जागा देईल का, याचे उत्तर मला त्या नदीकाठी देता आले नाही.

जाताना

तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण डास तिथले मूळ रहिवासी आहेत. पिण्याचे पाणी घरून बाटलीत न्या आणि बाटली घरी परत आणा. फुलपाखरांसाठी पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने उत्तम, पाहुण्या पक्ष्यांसाठी थंडी. पोरांना धावू द्या, पण ओरडू देऊ नका. आणि वाटेत कोणी माळीदादा किंवा ताई भेटल्या तर दोन शब्द बोला. झाडांच्या नावांच्या पाट्यांवर नाही ते त्यांना ठाऊक असते.

निघताना सईने कपाचा कान दादांना परत करायला हात पुढे केला. “ठेव तुझ्याकडे,” ते म्हणाले. तो तिने प्रोजेक्टच्या वहीत चिकटपट्टीने लावला आहे.

प्रोजेक्ट मागच्या आठवड्यात पूर्ण झाला. शीर्षकातला ‘नैसर्गिक’ शब्द तिने बराच वेळ खोडरबर हातात धरून पाहिला आणि शेवटी तसाच ठेवला. आत कोळी आहे, ओंबील आहे, दोन्ही याद्या आहेत. पहिल्या पानावर, ‘या जागेविषयी माहिती’ या मथळ्याखाली, तिने लिहिले आहे : “इथे पूर्वी मुंबईचा कचरा टाकत. माझे पणजोबा कचऱ्याची लॉरी चालवायचे. तेही इथे येत असत.”

वर्गात तिने ते मोठ्याने वाचून दाखवले, असे तिच्या आईने फोनवर सांगितले.